विमानाचे नऊ तास आणि तळोद्याचे नऊ तास

१/ मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ते लंडनचा हीथ्रो: अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ साधारण साडेनऊ तास. हे दोन आकडे भ्रमणध्वनीवर क्षणात मिळतात.

नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा ते हाच मुंबईचा विमानतळ: रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, वेळ नऊ ते दहा तास.

तळोद्याहून लंडनला निघालेल्या विद्यार्थ्याचा निम्मा प्रवासकाळ एकूण अंतराच्या सुमारे सहा टक्के भागात खर्च होतो. हा धागा त्या सहा टक्क्यांविषयी आहे.

२/ आधी ‘अंतर’ म्हणजे काय ते पाहू. दोन विमानतळांमधले अंतर मोजताना पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत जवळची वाट धरतात. तिला बृहद्‌वृत्त म्हणतात. गोलावर दोन टाचण्या टोचून त्यांमध्ये दोरा ताणला, तर तो जिथून जाईल ती ही वाट. सपाट नकाशावर ती वाकडी दिसते, पण तो दोष नकाशाचा.

हे अंतर कोणी राजाने ठरवलेले नाही. शिवकाळात ते जेवढे होते तेवढेच आजही आहे.

३/ वेळेचे तसे नाही. तेच अंतर कधी सहा महिन्यांचे होते, कधी वीस दिवसांचे, कधी एका दिवसाचे. या बदलामागे कोळसा, कालवे, रूळ, तह, परवाने, पूल आणि अंदाजपत्रके आहेत. म्हणून अंतर भूगोलाकडे सोपवता येते, प्रवासाचा वेळ मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने तपासायला हवा.

आणि तो विमानतळाच्या दारापासून मोजून चालत नाही. तो घराच्या उंबऱ्यापासून मोजला पाहिजे. या धाग्याचे म्हणणे एवढेच आहे. आता त्याचे पुरावे पाहू.

४/ इंजिन येण्यापूर्वी आपल्याकडे प्रवासाची भाषाच वेळेची होती. कोस होता, पण तो प्रांतागणिक लहानमोठा. खरे माप मजल आणि मुक्काम हेच. ‘मजल दरमजल करीत’ हा शब्दप्रयोग आज अलंकारासारखा वापरला जातो. त्या काळी तो हिशेब होता.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरतेहून निघाला आणि नंदुरबारवरून नोव्हेंबरच्या मध्यावर बऱ्हाणपूरला पोहोचला. तापीच्या खोऱ्यातली ही वाट साधारण पंधरवड्याची होती.

५/ पुढे त्याच शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सुरत ते आग्रा या प्रवासाचा तपशील लिहून ठेवला. बऱ्हाणपूरमार्गे जायला ३५ ते ४० दिवस लागत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज ‘दुर्गम’ हा शब्द ज्या जिल्ह्याला हमखास चिकटवला जातो, त्या नंदुरबारवरून मोगल साम्राज्यातला एक प्रमुख व्यापारी मार्ग जात होता. सुरतेचा माल उत्तरेत नेणारे तांडे या बाजूने चालत. दुर्गमता हा त्या भूमीचा जन्मजात गुण नाही. मार्ग बदलले की गावे दूर पडतात.

६/ माणसापेक्षा बातमी वेगाने धावे, पण तिलाही घोडा आणि जासूद यांचीच मर्यादा. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. नानासाहेब पेशवे नर्मदा ओलांडून भेलशापर्यंत, म्हणजे आजच्या विदिशापर्यंत, पोहोचले होते. पराभवाची बातमी त्यांच्या हाती २४ जानेवारीच्या सुमारास पडली.

सरळ रेषेत हे अंतर सुमारे ६५० किलोमीटर. आजचे विमान ते तासाभरात कापते. त्या दहा दिवसांत मात्र एक संपूर्ण फौज नाहीशी झालेली होती आणि तिचा धनी तिच्या मदतीला निघालेला होता.

७/ आता मुंबई–लंडनकडे वळू. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जायला चार-सहा महिने लागत. वाऱ्यावर सगळी भिस्त.

२० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली आणि सुमारे महिनाभरात तेथे पोहोचली. त्यातले कित्येक दिवस तर वाटेत कोळसा भरण्यातच गेले. पुढे सुएझ ते भूमध्य समुद्र हा टप्पा जमिनीवरून, उंटांच्या आणि गाड्यांच्या साहाय्याने. तरीही पूर्वीच्या मानाने ही क्रांतीच होती.

८/ १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. पुढच्याच वर्षी, मार्च १८७० मध्ये, मुंबई–कलकत्ता रेल्वेमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला. याच उत्साहाच्या भरात ज्यूल व्हर्नची ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ ही कादंबरी १८७२ साली प्रसिद्ध होऊ लागली.

तिच्यातला हिशेब असा: लंडन ते सुएझ ७ दिवस, सुएझ ते मुंबई १३ दिवस. चार-सहा महिन्यांचे अंतर वीस दिवसांवर आले.

९/ त्या कादंबरीतला सर्वांत बोलका प्रसंग मात्र समुद्रावरचा नाही. नायक फिलिआस फॉग मुंबईहून रेल्वेने निघतो. गाडी खानदेशातून जाते. पुढे एका ठिकाणी अचानक थांबते, कारण अलाहाबादपर्यंतच्या वाटेतला रुळांचा एक तुकडा बांधायचाच राहिलेला असतो. वृत्तपत्रांनी मार्ग पूर्ण झाल्याचे छापून टाकलेले असते! फॉग मोठी किंमत देऊन हत्ती विकत घेतो.

प्रत्यक्षात हा मार्ग तेव्हा पूर्ण झाला होता, ती उणीव लेखकाची कल्पना. पण ती कल्पना खरी वाटते, कारण कागदावर जोडलेला आणि जमिनीवर तुटलेला रस्ता इथल्या प्रत्येक पिढीने पाहिला आहे.

१०/ तळोदा परिसराला रेल्वेचा लाभ झाला, पण नदीच्या पलीकडून. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून भुसावळकडे जाणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. तो नवापूर, नंदुरबार, अमळनेर असा तापीच्या दक्षिणेकडून गेला.

तळोदा तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. नंदुरबारला सुरत आणि मुंबई एकदम जवळ आली. तळोद्याला आधी नंदुरबार गाठावे लागले, आणि मध्ये तापी होती.

११/ त्या काळातले तळोदे मागासलेले खेडे होते असे समजू नये. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये त्याची नोंद खानदेशातील इमारती लाकडाची प्रमुख बाजारपेठ अशी आहे. रोशा गवताचे तेल आणि धान्य यांचाही व्यापार येथे चाले. १८६७ साली येथे नगरपालिका स्थापन झाली.

आणि याच नोंदीत आणखी एक वाक्य सापडते: खानदेशातल्या सर्वांत चांगल्या लाकडी बैलगाड्या तळोद्यात तयार होत, किंमत एकेकीची सुमारे ४० रुपये. साऱ्या प्रांताच्या प्रवासाला चाके पुरवणारे हे गाव होते.

१२/ आता आकाशात जाऊ. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजची लंडन–कराची सेवा सुरू झाली. प्रवास सात दिवसांचा. जाहिरातीत विमान होते, पण युरोपातल्या हवाई परवानग्यांच्या अडचणींमुळे बाझेल ते जिनोआ हा टप्पा प्रवाशांना चक्क आगगाडीने करावा लागे. तेथून पुढे भूमध्य समुद्रावर पाण्यावर उतरणारे विमान, आणि इजिप्तपासून पुन्हा जमिनीवरचे.

विमानसेवेच्या पहिल्या पानावरच हे लिहिलेले आहे: आकाशमार्गाचा वेग जमिनीवरच्या जोडांवर अवलंबून असतो.

१३/ १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड धावपट्टीवरून ‘पस मॉथ’ हे छोटे विमान टपालासह घेऊन निघाले. अहमदाबादला थांबून ते मुंबईत जुहूला उतरले. तेथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय नागरी विमानसेवेचा हा आरंभ मानला जातो.

अहमदाबादला या विमानात इंधन भरले, ते डब्यांतून. आणि ते डबे धावपट्टीपर्यंत आले बैलगाडीतून.

ती गाडी तळोद्याची होती असे कोणी म्हणणार नाही. पण टाटांच्या त्या पहिल्या टपाल-उड्डाणाच्या साखळीत बैलगाडी ही एक कडी होती, हे इतिहासाच्या पुस्तकातल्या छायाचित्रात दिसत नाही.

१४/ जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जाई. तेव्हा टाटांची सेवा पुण्याला हलवावी लागे. चार महिने मुंबईचे आकाश मोकळे असूनही मुंबईची जमीन विमानाला नकार देत होती.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. प्रवासी ३५. वेळ सुमारे २४ तास. वीस दिवसांचे अंतर एका दिवसावर आले.

१५/ १९६० साली एअर इंडियाकडे बोईंग ७०७ हे जेट विमान आले. आणि मग एक गंमत झाली. त्या विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटरच्या घरात होता; आजच्या प्रवासी विमानाचाही साधारण तेवढाच आहे. साठ वर्षांत मधले थांबे गेले, इंधन कमी लागू लागले, तिकीट आवाक्यात आले, पण आकाशातला वेग जवळजवळ जागेवरच राहिला.

याचा अर्थ उघड आहे. प्रवासाचा वेळ आता आणखी घटवायचा असेल, तर ती जागा ढगांच्या वर उरलेली नाही. ती जमिनीवर आहे.

१६/ आकाशातला वेळसुद्धा केवळ यंत्राचा नसतो. उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांमुळे लंडनहून मुंबईला येताना वेळ कमी लागतो, जाताना जास्त.

राजकारणही वेळ ठरवते. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र बंद केले, ते जुलैपर्यंत. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झाले. उत्तर भारतातून युरोपकडे जाणाऱ्या विमानांना वळसे पडले. टाचणी-दोऱ्याचे अंतर तेच, प्रवास लांबला.

१७/ आता नकाशावर एक पट्टी ठेवून पाहावी. मुंबई आणि दिल्ली या विमानतळांना जोडणारी सरळ रेषा तळोद्याच्या पश्चिमेला अवघ्या पंचवीसेक किलोमीटरवरून जाते. प्रत्यक्ष हवाई मार्ग थोडे इकडेतिकडे वळतात, पण देशातल्या सर्वांत गजबजलेल्या हवाई वाटांपैकी एक तळोद्याच्या शेजारून जाते, एवढे खरे.

सरळ रेषेत तळोदा ते मुंबई विमानतळ हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर. वरून जाणाऱ्या विमानाला ते अर्ध्या तासाचे. खाली उभ्या असलेल्या माणसाला नऊ तासांचे.

१८/ हे नऊ तास कशाचे बनलेले आहेत? त्यांतला एक तुकडा नदीचा होता. तळोदा आणि नंदुरबार यांच्यामध्ये तापी आहे. हातोडा येथे पूल होईपर्यंत सरळ वाट नव्हती. प्रकाशामार्गे वळसा घ्यावा लागे. ज्या प्रकाशाला ताम्रपाषाणयुगापासून वस्ती असल्याचे १९५४–५५ च्या उत्खननात दिसून आले, त्या प्राचीन नदीकाठावरचा हा साधा प्रश्न सुटायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

त्या पुलाच्या उद्‌घाटनाची नोंद विमानसेवेच्या इतिहासात होणार नाही. तळोदेकराच्या मुंबई–लंडन प्रवासात मात्र वेळ वाचवणारी ती गोष्ट आहे.

१९/ तळोद्याच्या उत्तरेला सातपुडा चढू लागतो. धडगावकडे जाणारा चांदसैली घाट पावसाळ्यात दरडींनी बंद होतो. सप्टेंबर २०२१ मध्ये असाच बंद पडलेल्या घाटात एका पतीने आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालायला सुरुवात केली. रुग्णालय गाठण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला. ही बातमी राज्यभर छापून आली.

घाटापासून तळोद्याचे अंतर कोणत्याही नकाशावर बोटभरच आहे. त्या दिवशी ते एका आयुष्यापेक्षा लांब ठरले. याच डोंगरात रुग्णांना बांबूला झोळी बांधून वाहून आणतात. लोकांनी तिला ‘बांबुलन्स’ हे नाव दिले. त्या नावातल्या विनोदामागे किती कडवटपणा आहे, हे सांगायला नको.

२०/ अंतर वाढवताही येते. सरदार सरोवराची भिंत अखेर १३८.६८ मीटर उंचीपर्यंत गेली. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली मणिबेलीसारखी नर्मदाकाठची गावे पाण्याने वेढली गेली. पायवाटा बुडाल्या. तेथे आज आरोग्यसेवाही बोटीने पोहोचवावी लागते.

विस्थापितांपैकी अनेक कुटुंबे तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा अशा ठिकाणी वसवली गेली. रस्ता, दवाखाना, बाजार जवळ आले. नदी, जंगल आणि मागे राहिलेले नातलग दूर गेले. कोणाचे कोणापासूनचे अंतर मोजायचे, हे आधी ठरवल्याशिवाय ‘जवळ’ आणि ‘दूर’ या शब्दांना अर्थ नसतो.

२१/ आणि अंतर इंजिनाशिवाय घटवताही येते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्या दिवशी कोणतेही वाहन वेगवान झाले नाही, कोणताही घाट सपाट झाला नाही. पण तळोद्याच्या माणसाला जिल्हा कचेरीसाठी सुमारे शंभर किलोमीटरवर धुळ्याला जावे लागत होते. ते काम तापीपलीकडच्या नंदुरबारला होऊ लागले.

माणसाला कचेरीपर्यंत वेगाने नेणे हा एक उपाय. कचेरीच माणसाजवळ आणणे हा दुसरा. दुसऱ्याचा गाजावाजा होत नाही. परिणाम मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

२२/ यावर एक रास्त आक्षेप आहे. विमानसेवेने अंतर घटवलेच. शेवटच्या टोकापर्यंत लाभ पोहोचायला काळ लागतो. रेल्वेही आधी मुंबई–ठाणे एवढीच होती. छोट्या शहरांना विमानतळ दिले की प्रश्न सुटेल. ‘उडान’ योजनेमागचा विचार हाच. २७ एप्रिल २०१७ रोजी तिचे पहिले विमान सिमल्याहून दिल्लीला उडाले. त्याच वर्षी डिसेंबरात खानदेशात जळगावहून मुंबईसाठी विमान निघाले.

योजनेचा हेतू चांगला आहे, आणि जळगावकरांना तिचा उपयोगही झाला.

२३/ पण जळगावची ती सेवा पुढे खंडित झाली, पुन्हा सुरू झाली. धावपट्टी बांधता येते. रोज प्रवासी मिळतील याची हमी बांधता येत नाही. शिवाय धडगावच्या माणसासाठी विमानतळ सुरतेत आहे की जळगावात, हा पुढचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न घाटाचा आहे.

ऊसतोडीसाठी दरवर्षी गुजरातेत जाणाऱ्या येथील मजुरांना तर विमानतळाची गरजच नाही. त्यांना वेळेवर येणारी एसटी आणि पावसाळ्यात न वाहून जाणारी मोरी हवी आहे. रेल्वेचा दाखला येथे लागू पडत नाही: रूळ वाटेतल्या प्रत्येक गावाला थांबा देऊ शकत होते. विमान मधल्या गावांवरून नुसते जाते.

२४/ म्हणून इतिहास लिहिणाऱ्यांनी आपले कोष्टक बदलावे. ‘१८३०: आगबोट, १८६९: सुएझ, १९३२: टाटा, १९४८: मलबार प्रिन्सेस, १९६०: जेट’ ही यादी खरी आहे, पण ती बंदर ते बंदर आणि विमानतळ ते विमानतळ एवढीच आहे. तिच्या शेजारी दुसरा रकाना हवा: त्याच वर्षी तळोद्याहून मुंबई किती दिवसांची, धडगावहून दवाखाना किती तासांचा.

पहिला रकाना सरसर उतरत जातो. दुसरा वर्षानुवर्षे हलत नाही, मग एखादा पूल झाला की एकदम उतरतो, आणि एखादी दरड कोसळली की पुन्हा वर जातो. महाराष्ट्राचा खरा प्रवासेतिहास या दोन रकान्यांमधल्या फरकात आहे.

२५/ दुसरा रकाना भरायचे काम तरुण वाचकांच्या हातातले आहे. त्यासाठी दप्तरखान्याची परवानगी लागत नाही. घरातल्या आजी-आजोबांना विचारावे: लग्नाचे वऱ्हाड किती मुक्कामांनी पोहोचले होते? गावात पहिली एसटी कधी आली? नदीला पूल नव्हता तेव्हा बाळंतिणीला पलीकडे कसे नेत? उत्तर, गावाचे नाव, अंदाजे वर्ष लिहून ठेवावे.

रोने आणि ताव्हेर्नियेने आपापल्या मजला टिपून ठेवल्या, म्हणून चारशे वर्षांपूर्वीची सुरत–बऱ्हाणपूर वाट आज दिवसांत मोजता येते. चाळीस वर्षांपूर्वीची तळोदा–धडगाव वाट मात्र ज्यांच्या आठवणीत आहे, ती माणसे एकेक करून जात आहेत.

(धागा समाप्त)